सिंगापुरात वाफेची चौकशी

आमच्या हॉस्पिटलात छातीच्या विभागात मी सव्वीस वर्षं लोकांना फुंकायला लावते आहे. नाकाला चिमटा, तोंडात नळी, आणि मी समोर उभी राहून ओरडते, "फुंका, फुंका, फुंका, अजून, अजून, थांबू नका." पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडली आणि एकूण किती पडली, हे यंत्र सांगतं. त्यावरून डॉक्टर ठरवतात की श्वासनळ्या मोकळ्या आहेत की आखडल्यात. मिरजेत निम्मे लोक मला नावानं ओळखत नाहीत, "त्या फुंकवणाऱ्या बाई" म्हणतात. माझी त्याला हरकत नाही.

त्या वर्षी हॉस्पिटलानं नवं यंत्र घ्यायचं ठरवलं आणि ते विकणाऱ्या कंपनीनं पाच दिवसांचं प्रशिक्षण देऊ केलं, सिंगापूरला. दोन तरुण डॉक्टर बॅगा भरायच्याच बेतात होते. आमचे मोठे डॉक्टर म्हणाले, "यंत्र चालवणार कोण? शकुंतलाबाई. मग शकुंतलाबाई जातील." चोपन्नाव्या वर्षी माझा पहिला पासपोर्ट निघाला. मी घरी येऊन तीन वेळा आरशात बघितलं.

बातमी पसरल्यावर याद्या आल्या. परदेशी जाणाऱ्याच्या हातात यादी देणं हा आपल्याकडचा हक्कच आहे. कुणाला घडीची छत्री, कुणाला कॅमेऱ्याची बॅटरी, कुणाला गुडघ्याला लावायचा तो वाघाचं चित्र असलेला बाम. सगळ्यांत शेवटी माझा थोरला भाऊ आला. त्याला सगळी मिरज आप्पा म्हणते, मीही आप्पाच म्हणते. आम्ही गुरव. आप्पानं चाळीस वर्षं महादेवाच्या देवळात आणि लग्नकार्यांत सनई वाजवली. त्यातली तीसएक वर्षं देवळामागच्या कट्ट्यावर बसून गांजाची चिलीमही ओढली. आमच्या भागात शंकराच्या देवळाच्या आसपास या गोष्टीकडे कुणी डोळे वटारून बघत नाही. पण गेली चार वर्षं आप्पाला दम पुरत नव्हता. एक सूर धरला की मध्येच तुटायचा, मग खोकला. लग्नाच्या सुपाऱ्या त्यानं घेणं सोडलं होतं. माझ्या यंत्रात फुंकायला मात्र तो कधी आला नाही. पाचशे पावलांवर हॉस्पिटल, आणि सख्खी बहीण तिथं बसलेली.

तो म्हणाला, "शकू, तिकडं ते वाफेचं यंत्र मिळतं का, तेवढं बघून ये."

तंबोरा घ्यायला मिरजेत आलेल्या एका जर्मन माणसानं त्याला सांगितलं होतं, की आता आम्ही गांजा जाळत नाही, एका यंत्रात तापवतो आणि नुसती वाफ घेतो, छातीला काही होत नाही. आप्पाच्या डोक्यात ते पक्कं बसलं होतं. त्याचा हिशेब सरळ होता. वाफ घेतली की छाती सुधारेल, छाती सुधारली की सनई वाजेल. आणि धूरच नसला तर मुलगा तरी कशाला अडवेल?

मुलगा म्हणजे नितीन, माझा भाचा. सिंगापूरला एका बँकेत कॉम्प्युटरचं काम करतो. बायको रश्मी पुण्याची, मुलगी इरा चार वर्षांची. आप्पानं इराला फोटोतच पाहिलेलं. नितीननं बापाला एकदाच सांगितलं होतं, चिलीम सोडा मग या. त्यावर आप्पा म्हणाला, मी कुणाच्या अटीवर कुठं जात नाही. त्यानंतर दोघांचं फोनवर "बरं आहे ना" आणि "बरं आहे" एवढंच चालायचं. आता आप्पाला जायचं होतं, नातीसमोर सनई वाजवायची होती. तोंडानं तो ते म्हणत नव्हता, यंत्राचं विचारत होता. मी यादीत सगळ्यांत खाली "वाफेचं यंत्र" असं लिहून घेतलं.

सेंगकांग, रविवार

विमानतळावर नितीन आला होता. वाकून नमस्कार केला, बॅग घेतली आणि टॅक्सीत बसल्याबसल्या विचारलं, "आत्या, लोणच्याशिवाय काही आणलं नाहीस ना?" मी म्हटलं, मेतकूट आहे. त्याचा जीव भांड्यात पडला.

त्यांचा फ्लॅट बाराव्या मजल्यावर. आजूबाजूला तशाच इमारती, आणि प्रत्येक खिडकीतून बांबूच्या काठीवर कपडे आडवे बाहेर वाळत घातलेले. बाराव्या मजल्यावरून कुणाची विजार खाली पडली तर काय, हे मी रश्मीला विचारलं. ती म्हणाली, चिमटे लावतो आत्या, पडली तर सगळी बिल्डिंग बघते.

संध्याकाळी इरानं मला गाडी दाखवायला नेलं. वसाहतीतल्या वसाहतीत फिरणारी छोटी, एका डब्याची गाडी. मी पुढच्या काचेशी गेले आणि बघते तर ड्रायव्हरच नाही. केबिनसुद्धा नाही. काच आणि समोर रूळ. मी इराचा हात घट्ट धरला. ती म्हणाली, "आजी, नो ड्रायव्हर लाह, इट गोज बाय इटसेल्फ." आम्ही त्या गाडीतून तीन चकरा मारल्या. दोन चकरा तिच्यासाठी होत्या आणि तिसरी माझ्यासाठी. मला वाटतं मी त्या दिवशी उगीचच हसत होते. वळणावर गाडी इमारतींच्या इतकी जवळून जायची की लोकांचा स्वयंपाक दिसायचा, आणि काही ठिकाणी खिडकीच्या काचा आपोआप धुरकट व्हायच्या, घरात डोकावू नये म्हणून. एवढा विचार करणारी गाडी मी जन्मात पाहिली नव्हती.

बुओना व्हिस्टा, सोमवार ते मंगळवार

प्रशिक्षणाची जागा बुओना व्हिस्टाला, नव्या काचेच्या इमारतींमध्ये. आम्ही शिकाऊ सहाजण होतो. शिकवायला मिसेस टान, माझ्याच वयाच्या, बारीक अंगाच्या, हसायला वेळ नसलेल्या. त्यांनी एका तरुण स्वयंसेवकाला बसवून आम्हाला एकेक करून फुंकवायला सांगितलं. आधीच्या दोघांनी हळू आवाजात "प्लीज ब्लो" म्हटलं. पोरगं तसंच मिळमिळीत फुंकलं. माझी पाळी आली. मला इंग्रजीत ओरडता येईना. मी मराठीतच सुरू केलं, फुंका फुंका फुंका अजून अजून. मुलगा इतका दचकला की फुप्फुसाच्या तळाची हवासुद्धा बाहेर आली. पडद्यावरची रेघ सरळ वर गेली. मिसेस टान पडद्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "दॅट वर्ड. टीच मी." दुपारपर्यंत सहाच्या सहा शिकाऊ "अजून, अजून" म्हणत होते. त्यात एक कोरियन होता, तो "अचून" म्हणायचा. मला आभाळ ठेंगणं झालं होतं.

जेवायला शेजारच्या हॉकर सेंटरमध्ये गेलो. मोठं छप्पर, खाली टेबलं, कडेनं तीसचाळीस दुकानं. जागा मिळेना. एका टेबलावर कुणीच नव्हतं, फक्त कागदी रुमालांचं पाकीट पडलं होतं. मी बसले, पाकिटातला एक रुमाल काढून नाक पुसलं. तेवढ्यात थाळी घेऊन एक बाई आली आणि माझ्याकडे बघतच राहिली. मिसेस टान यांनी मला दंडाला धरून उठवलं. पाकीट ठेवलं की जागा धरली, असा तिथला रिवाज आहे. मग मला उमगलं, हा तर एस.टी.च्या खिडकीतून सीटवर टाकलेला रुमाल. त्या रुमालानं आपण कधी नाक पुसलं असतं का? मी त्या बाईची दोनदा माफी मागितली.

दुसरा घोटाळा मी स्वतः करून घेतला. मी अंडंही खात नाही. एका पाटीवर "कॅरट केक" वाचून मला वाटलं, गाजराचं काहीतरी गोड असेल. आला तो मुळ्याच्या वड्यांचा परतलेला ढीग, त्यात अंडं घातलेलं, आणि गाजर औषधालाही नाही. तो मी समोर बसलेल्या योस्तकडे सरकवला.

योस्त हा आमच्यातला सहावा शिकाऊ. मूळचा हॉलंडचा, आता जकार्तामधल्या एका हॉस्पिटलात माझंच काम करणारा. उंच, लाल नाकाचा, मान वाकवून बोलणारा. बोलता बोलता त्यानं सांगितलं, की त्यांच्याकडे काही आजारांत, स्नायू आखडतात अशा लोकांना, डॉक्टर गांजा लिहून देतात आणि तो औषधाच्या दुकानात मिळतो. माझा घास हातातच राहिला. मी विचारलं, मग ते चिलीम ओढतात का? तो म्हणाला, काही ओढतात. काहींना आम्ही तापवण्याचं यंत्र वापरायला सांगतो. त्यातून वाफ निघून एका मोठ्या फुग्यात भरते आणि ते फुग्यातून ती घेतात.

म्हणजे आप्पाचं यंत्र खरोखर होतं. मला इतका आनंद झाला की त्याला पुढं काही विचारायचं सुचलंच नाही. आता ते घेऊन जायचं, एवढंच माझ्या मनात होतं.

बाजारातली चूक, बुधवार

बुधवारी प्रशिक्षण लवकर सुटलं. रश्मी मला इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या एका मोठ्या बाजारात घेऊन गेली. सहा मजले नुसती दुकानं. बॅटऱ्या घेतल्या, छत्र्या घेतल्या. रश्मी फोनची कव्हरं बघत होती तेव्हा मी शेजारच्या दुकानात शिरले. तिथं चेहऱ्याला वाफ द्यायची यंत्रं, भात शिजवायची भांडी, हवा दमट करणारी डबडी अशी मांडलेली. दुकानदार म्हातारा चिनी गृहस्थ, फार अदबीचा. मी म्हटलं, वाफेचं यंत्र. त्यानं चेहऱ्याचं दाखवलं. मी मान हलवली आणि तोंडाकडे बोट दाखवून श्वास ओढून दाखवला. त्यानं दम्याच्या औषधाचं दाखवलं. ते मला चांगलंच माहीत होतं, रोज हाताळते. शेवटी मी म्हटलं, "नो, नो. फॉर गांजा."

आपला शब्द आपल्यापुरता आहे अशी माझी समजूत होती. तिकडं मलय भाषेतही तो शब्द तोच आहे आणि सगळ्या सिंगापूरला कळतो. म्हाताऱ्यानं यंत्र फडताळात परत ठेवलं, दोन्ही हात काउंटरवर ठेवले आणि अगदी हळू म्हणाला, "आंटी, कॅनॉट. से ऑल्सो कॅनॉट." म्हणजे नुसतं नाव काढायचीही सोय नाही. शेजारच्या गिऱ्हाइकानं पिशवी उचलली आणि ते निघून गेलं. मी अजून उभीच होते, दुसऱ्या दुकानात मिळेल का हे विचारायला. रश्मी धावत आली आणि मला ओढत बाहेर घेऊन गेली.

घरी नितीनला कळलं. तो आवाज चढवणारा मुलगा नाही, त्यामुळे मला जास्त लागलं. त्यानं समोर बसून नीट सांगितलं. इथं जवळ बाळगलं तर तुरुंग, जास्त असेल तर फाशी. नुसतं ओढलं आणि तपासणीत लघवीत सापडलं तरी तुरुंग. धूर की वाफ, असं कुणी विचारत नाही. आणि त्याचा कायम रहिवासाचा अर्ज गेले सहा महिने सरकारकडे पडून होता. मी शरमून गेले. देवळामागच्या कट्ट्यावरची गोष्ट मी अशी परदेशी बाजारात मांडून बसले होते.

मग त्यानं विचारलं, "यंत्र कुणाला हवं होतं, आत्या?"

मी सांगितलं. त्यानं ते आधीच ओळखलं होतं. तो उठून खिडकीशी गेला आणि म्हणाला, "म्हणजे अजून सोडली नाही." मी म्हटलं, त्याला इथं यायचंय रे, इरासमोर वाजवायचंय, त्याच्यासाठीच चाललंय हे सगळं. रश्मीनं ताटं वाढली. जेवताना इरा एकटीच बोलत होती.

बुओना व्हिस्टा, गुरुवार

यंत्र नेता येणार नव्हतं, हे तर झालंच. पण माझं मन म्हणत होतं, आप्पाच्या प्रश्नाचं उत्तर तरी न्यावं. छाती सुधारते की नाही? गुरुवारी चहाच्या वेळी मी योस्तला गाठलं आणि सगळं सांगितलं, भाऊ, सनई, चिलीम. मिसेस टान शेजारी बसल्या होत्या, त्याही वळल्या. फक्त छातीविषयी बोलतोय, असं मी त्यांना आधी सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, "टॉक, टॉक. लंग इज लंग."

योस्तनं वहीत दोन नळ्या काढल्या. पहिली जाळून ओढणाऱ्याची. जळताना डांबरासारखा चिकटा तयार होतो, कोळशाचा विषारी वायू तयार होतो, गरम कण आत जातात. नळीच्या आतल्या बाजूला बारीक केस असतात. ते सतत हलत कफ वर ढकलत असतात. धुरानं ते झडतात, अस्तर सुजतं, कफ तिथंच साठतो आणि माणूस खोकून खोकून तो काढतो. हे सगळं मला आप्पाच्या सकाळवरून पाठ होतं. दुसरी नळी वाफ घेणाऱ्याची. पाला पेटत नाही, नुसता तपकिरी होतो, राख होत नाही. त्यामुळे डांबर खूपच कमी आणि तो वायूही कमी. त्याच्या पाहण्यातले जे लोक ओढणं सोडून वाफेवर आले, त्यांचा खोकला कमी झाला, सकाळचा कफ कमी झाला, छातीतली शिट्टी कमी झाली.

मी जवळजवळ उभीच राहिले. म्हणजे जर्मन माणूस खरं बोलला होता. मी घाईनं विचारलं, "आणि फुंकल्यावर? पहिल्या सेकंदाचा आकडा?"

योस्तनं पेन खाली ठेवलं. तो म्हणाला, बरं वाटणं वेगळं आणि आकडा वेगळा, हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. गेलेला आकडा वाफेनं परत वर आलेला त्यानं पाहिला नव्हता. त्यानं पाहिलेली माणसं थोडी, आणि तीही थोड्याच महिन्यांची. वीस वर्षं वाफ घेतलेला माणूस अजून कुणी पाहिलेलाच नाही. वाफही गरम आणि कोरडी असते, काहींना तिनंही ठसका लागतो. शिवाय त्याच्याकडचे बहुतेक लोक गांजात तंबाखू मिसळत, त्यामुळे नुकसान कशानं किती झालं हेही वेगळं काढता येत नाही. आप्पाही तंबाखू मिसळतो.

मग मिसेस टान यांनी मला विचारलं, तुझा भाऊ ओढतो कसा? मी उठून दाखवलं. चिलमीच्या बुडाला ओली छापी गुंडाळायची. त्या चिंधीनं धूर गाळला जातो असं सगळे समजतात. दोन्ही हातांच्या ओंजळीत चिलीम धरायची, एकच लांब दम मारायचा आणि धूर आत कोंडून धरायचा. कट्ट्यावर आप्पाइतका लांब दम कुणाचा नव्हता. लोक कौतुकानं मोजायचे.

हे दाखवता दाखवताच माझे हात तसेच ओंजळीत राहिले. इतकी वर्षं मी हे बघत होते आणि माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं. सनईसाठी आप्पानं लहानपणापासून दमसास कमावला. नदीकाठी उभं राहून, पहाटे, वडिलांचा मार खाऊन. त्याच दमानं तो धूर इतरांपेक्षा खोल ओढत होता आणि इतरांपेक्षा जास्त वेळ आत ठेवत होता. कट्ट्यावरच्या सगळ्यांत त्याचीच छाती आधी गेली, ती त्याच्या गुणामुळे गेली. मला तिथं, त्या काचेच्या खोलीत, परक्या माणसांसमोर रडू आलं. मिसेस टान यांनी रुमालांचं पाकीट माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाल्या, हे तुझंच आहे, आता नाक पूस. मी रडता रडता हसले.

सेंगकांग, शनिवार

शुक्रवारी प्रमाणपत्र मिळालं, सगळ्यांचे फोटो झाले. योस्त विमानतळाकडे निघाला तेव्हा मला म्हणाला, भावाला खरं सांग, बहीण म्हणून नको, आपल्या कामातला माणूस म्हणून सांग. मी रात्रभर वाक्यं जुळवत होते.

शनिवारी सकाळी मला आणि रश्मीला शेजारी बसवून नितीननं स्वतः फोन लावला आणि आवाज खोलीभर ऐकू येईल असा ठेवला. मी आप्पाला आधीच सांगितलं, नितीन इथंच बसलाय. पलीकडून देवळाच्या घंटेचा आवाज येत होता. आप्पानं पहिलंच विचारलं, "मिळालं का गं?"

मी म्हटलं, "यंत्र आहे. पण मी आणत नाही. ऐकून घे." आणि दोन्ही नळ्यांचं सगळं सांगितलं. खोकला कमी होईल, कफ कमी होईल. पण गेलेला दम वाफेनं परत येईल, असं मला एकानंही सांगितलं नाही.

तो म्हणाला, "आणि ती वाफ घेऊन तिकडं यायला चालतंय का?"

याचं उत्तर नितीननं दिलं. "नाही आप्पा. धूर नाही, वाफ नाही, अंगातसुद्धा असून चालत नाही. मी अट घालत नाही. इथं तसंच आहे. सोडून आलात तर मी आज तिकीट काढतो."

"दम न्हाई राहिला माझ्यात, नितीन. सनई वाजायची न्हाई. येऊन काय करू मी तिथं?"

नितीननं फोनजवळ तोंड नेलं. "येऊन नुसते बसा, आप्पा. माझ्याशी बोला."

आप्पानं "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला. हे बरं कसलं, होकाराचं की टाळण्याचं, आम्हा तिघांनाही कळलं नाही. इरा मला परत गाडीत न्यायला कपडे घालून उभी होती. आम्ही गेलो आणि पुढच्या काचेशी उभं राहून तिनं माझ्याकडून सगळ्या स्टेशनांची नावं पाठ करून घेतली. मी मात्र आप्पाच्या त्या "बरं"चाच विचार करत होते.

मिरज

परत आल्यावर मी याद्या वाटल्या. आप्पाकडे गेले तर तो बाहेर गेलेला. दुसऱ्या दिवशीही तेच. वहिनी म्हणाली, कट्ट्यावर जात नाही, नदीकडं जातो. तिसऱ्या आठवड्यात तिनं सांगितलं, फार चिडचिड करतो, झोपत नाही, खोकला तर आधीपेक्षा वाढलाय. मी म्हटलं, ओढणं सोडल्यावर कधी कधी असं होतं, साचलेलं बाहेर पडतं. बोलताबोलताच माझ्या लक्षात आलं. म्हणजे यानं सोडली होती. आणि कुणाला सांगितलं नव्हतं.

सातव्या आठवड्यात, मंगळवारी, नव्या यंत्रासमोरच्या रांगेत आप्पा उभा होता. धुतलेला सदरा, हातात केसपेपर. मी पुढं बोलावलं तर म्हणाला, माझा नंबर चौदावा आहे. चौदावा नंबर आला. मी त्याच्या नाकाला चिमटा लावला, नळी तोंडात दिली. सव्वीस वर्षं ज्या आवाजानं मी लोकांना फुंकवलं, तो आवाज घशातून निघेना. शेवटी आप्पानंच नळी बाजूला करून म्हटलं, "वरड की."

मी ओरडले. पहिल्यांदा खोकल्यानं मोडलं, दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा तो डोळे मिटून फुंकला. पहिल्या सेकंदात फारच थोडी हवा आली, नळ्या आखडलेल्या होत्या, त्यात शंका नव्हती. पण त्यानंतर ती येतच राहिली, बारीक, एकसारखी, न तुटता. इतर लोक सोडून देतात तिथं तो थांबला नाही. यंत्रानं मोजणं बंद केल्यावर तो थांबला.

"किती?" त्यानं विचारलं.

मी आपल्या कामातला माणूस म्हणून सांगितलं. "पहिल्या सेकंदाला एकूण हवेच्या निम्म्याच्याही खाली. गेलं ते यायचं नाही. न ओढता राहिलास तर आहे ते टिकेल."

त्यानं मान हलवली. घाम पुसला. मग म्हणाला, "आहे त्यात एक लहानशी धून बसंल?"

मी म्हटलं, "लहान बसेल. मध्ये श्वास घ्यावा लागेल."

"घेऊ की," आप्पा म्हणाला. "पोरीनं आधीचं कुठं ऐकलंय? तिला वाटंल, सनई अशीच वाजवतात."

मी पुढच्या नंबराला हाक मारली.